कापूसवाल्यांची लेक अमेरिकन यादवीच्या वाटेवर

खामगावच्या आमच्या वाड्याला वरचा मजला नाही. जिना आहे, तो वर जातो, आणि वर गेलं की डोक्यावर सरळ आभाळ. लहानपणी कारण विचारलं की आजोबा म्हणायचे, "अमेरिकेची लढाई लवकर संपली, म्हणून मजला राहिला." मला वाटायचं, आमचे खापरपणजोबा बंदूक घेऊन तिकडं गेले असणार.

खरी गोष्ट अशी. १८६१ साली अमेरिकेत उत्तरेतल्या आणि दक्षिणेतल्या राज्यांत यादवी पेटली आणि उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली. इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग वऱ्हाड-खानदेशातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्यांनी शेअरबाजार डोक्यावर घेतला, समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या आणि खामगावात आमचा वाडा उभा राहायला लागला. १८६५ मध्ये तिकडं युद्ध संपलं, इकडं भाव कोसळला. मुंबईत पेढ्या बुडाल्या, आमच्याकडं गवंडी निघून गेले.

त्यामुळे यंदा ऑक्टोबरात लेकीकडं, उत्तर व्हर्जिनियात, जायचं ठरलं तेव्हा मी आधीच सांगून टाकलं: नायगारा पाहून झालाय, या खेपेला मला ती लढाई बघायची. जावयानं सहा दिवस रजा टाकली. हे, म्हणजे आमचे अहो, "रणांगणात काय बघायचं, गवतच असणार" म्हणत का होईना, पण गाडीत बसले.

दिवस पहिला : हार्पर्स फेरी

लेकीच्या घरापासून जेमतेम तासाभराचा रस्ता. पोटोमॅक आणि शेनँडोआ या दोन नद्यांचा संगम, तिन्ही बाजूंना डोंगर, उतारावर दगडी घरांचं गाव. संगम म्हटल्यावर माझी नजर आपोआप देऊळ शोधायला लागली. एक चर्च आहे, उंचावर.

इथं सरकारी शस्त्रागार होतं. १६ ऑक्टोबर १८५९ च्या रात्री जॉन ब्राउन नावाचा पांढऱ्या दाढीचा माणूस २१ साथीदार घेऊन त्यावर चालून आला. पाच कृष्णवर्णीय, बाकीचे गोरे. बंदुका हाती घ्यायच्या, गुलामांना वाटायच्या, डोंगरांच्या आडोशानं बंड पसरवायचं, असा बेत. पण पहिली गोळी लागली ती हेवर्ड शेफर्ड या रेल्वेच्या हमालाला, आणि तो स्वतंत्र कृष्णवर्णीय होता! दोन दिवसांत सगळं आटोपलं. ब्राउनला पकडणाऱ्या तुकडीचा प्रमुख होता रॉबर्ट ली. तोच पुढं दक्षिणेचा सेनापती झाला. २ डिसेंबरला ब्राउनला फाशी दिलं.

तो जिथं अडकला ती आगीच्या बंबाची खोली अजून आहे, पण मूळ जागेवर नाही. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनाच्या वेळी ती विटाविटांनी उचलून तिकडं नेली, आणि दहा दिवसांत बघायला माणसं आली अकरा. त्याच वर्षी त्याच गावात विवेकानंदांना ऐकायला सभागृह भरलं होतं, हे मी जावयाला मुद्दाम सांगितलं. पुढं ती खोली परत आली, आणखी दोनदा हलली आणि १९६८ पासून मूळ जागेच्या जवळ स्थिरावली आहे.

ब्राउनच्या धाडीनं दक्षिणेतल्या मळेवाल्यांची झोप उडाली. पुढच्याच वर्षी लिंकन निवडून आला. दक्षिणेतली गुलामगिरी मोडून काढीन असं तो म्हणतही नव्हता, पश्चिमेच्या नव्या प्रदेशांत ती पसरू देणार नाही एवढंच त्याचं म्हणणं होतं. तेवढंही पुरलं. २० डिसेंबर १८६० ला साउथ कॅरोलायना फुटली, लिंकननं शपथ घ्यायच्या आधी सात राज्यं गेली. १२ एप्रिल १८६१ ला चार्ल्स्टनच्या बंदरातल्या सम्टर किल्ल्यावर तोफा सुटल्या, मग आणखी चार गेली.

*टीप :* खालच्या गावात गाडी लावायला जागा मिळत नाही. वर माहितीकेंद्रापाशी गाडी लावून बसनं खाली उतरा. दगडी पायऱ्या गुळगुळीत आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर काठी घ्या, लाजू नका.

दिवस दुसरा : अँटिएटम, आणि एक फजिती

सकाळपासून भुरभुर पाऊस. थर्मासात चहा, डब्यात थालीपीठ. अँटिएटम मेरीलँडमध्ये, शार्प्सबर्ग गावाला लागून. आपल्याकडच्यासारखीच शेतं: मका, कुंपणं, मधून एक खोल गेलेली गाडीवाट. १७ सप्टेंबर १८६२ रोजी बारा तासांत या शेतांत सुमारे २३,००० माणसं मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. त्या गाडीवाटेला आता 'ब्लडी लेन' म्हणतात. आम्ही तिच्यातून चाललो. चिखल होता, चपला भरल्या. हे एकदम गप्प झाले होते. गवतच असणार म्हणाले होते ना!

पावसामुळे गर्दी नव्हती, म्हणून तिथली रेंजर बाई निवांत बोलत बसली. मी म्हटलं, आम्ही शाळेत शिकलो की लिंकननं गुलाम मुक्त केले. ती हसली. "या शेतावरचे नाही केले," म्हणाली.

हे मला खरंच ठाऊक नव्हतं. या लढाईत ली मागं हटला, तेवढ्या आधारावर पाच दिवसांनी लिंकननं मुक्तीची घोषणा केली आणि १ जानेवारी १८६३ पासून ती लागू झाली. पण ती फक्त बंडखोर भागांपुरती. मेरीलँड गुलामगिरीचंच राज्य होतं, तरी ते फुटलं नव्हतं, त्यामुळे घोषणेतून सुटलं. ज्या शेतांवर इतकं रक्त सांडून ती घोषणा निघाली, त्या शेतांवरचे गुलाम गुलामच राहिले. मेरीलँडनं आपल्या राज्यघटनेतून गुलामगिरी काढली १ नोव्हेंबर १८६४ ला. आणि साऱ्या देशातून ती गेली तेरावी घटनादुरुस्ती मंजूर झाल्यावर, डिसेंबर १८६५ मध्ये.

संध्याकाळी गेटिसबर्गला पोचलो तर हॉटेलवाली म्हणते तुमचं नाव नाही. जावयानं खोली घेतली होती, तारीखही बरोबर, महिना नोव्हेंबर! गाव सफरचंदांच्या हंगामामुळे भरलेलं. शेवटी वीसेक मैल मागं एका मोटेलात सोय झाली. खोलीत सिगारेटचा वास, पण गाद्या स्वच्छ. लेक नवऱ्याशी रात्रभर बोलली नाही. आम्ही दोघं पांघरूण डोक्यावर घेऊन हसत होतो.

दिवस तिसरा : गेटिसबर्ग

गेटिसबर्गबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी थोडक्यात आवरते. १ ते ३ जुलै १८६३, सुमारे ५१,००० हताहत, आणि गावाची वस्ती तेव्हा २,४०० च्या आसपास. लीला उत्तरेच्या मुलखात शिरून एकच मोठा घाव घालायचा होता. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यानं सुमारे १२,००० शिपाई उघड्या मैदानातून मैलभर चालत पाठवले. निम्मेअधिक मेले, जखमी झाले किंवा सापडले. दुसऱ्याच दिवशी मिसिसिपी नदीवरचं व्हिक्सबर्ग पडलं. त्यानंतर दक्षिण फक्त लांबवत राहिली.

*टीप :* परवानाधारक मार्गदर्शक आधीच ठरवून ठेवा. तो तुमचीच गाडी चालवतो आणि दोन तास बोलतो. आपण फिरलो तर नुसती स्मारकं दिसतात, आणि ती तेराशेच्या वर आहेत.

आमच्या मार्गदर्शकानं टेकाडावरचं एक बुटकं पांढरं घर दाखवलं. एब्राहम ब्रायन या स्वतंत्र कृष्णवर्णीय शेतकऱ्याचं. लीचं सैन्य येतंय कळताच तो बायकापोरांना घेऊन पळाला. कारण ते सैन्य पेनसिल्व्हेनियात सापडतील ती कृष्णवर्णीय माणसं, स्वतंत्र असोत नसोत, धरून दक्षिणेकडं पाठवत होतं. ब्रायन परतला तेव्हा घराची चाळण झाली होती आणि पीक तुडवलेलं होतं. माझ्या मनात गेटिसबर्ग म्हणजे आता हेच घर आहे.

दुपारी सैनिकी स्मशानात गेलो. लिंकनचं ते दोन-तीन मिनिटांचं भाषण इथलंच, १९ नोव्हेंबर १८६३ चं. त्याच्या आधीचा वक्ता दोन तास बोलला होता, त्याचं आता कुणाला काही आठवत नाही. झाडाखालच्या बाकावर बसल्यावर ह्यांनी एकदम जोतीराव फुल्यांचा विषय काढला. 'गुलामगिरी' हे पुस्तक १८७३ चं, आणि जोतीरावांनी ते अर्पण केलंय अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांना दास्यातून मुक्त केल्याबद्दल. म्हणजे हे दगड जेमतेम दहा वर्षांचे असताना पुण्यात बसून एक माणूस इथल्या बातम्या मन लावून वाचत होता. त्याच लढाईच्या काळात आमचे खापरपणजोबा बहुधा फक्त कापसाचा भाव विचारत होते. मी हे बोलून दाखवलं नाही.

निघताना रस्त्यावरच्या टपरीत गरम सफरचंदाचा रस आणि त्याच रसात मळलेले डोनट. रस उत्तम. डोनट आपल्या गुलगुल्यांपुढं काही नाही. मग साडेतीन तास गाडी, आणि रिचमंड.

दिवस चौथा : रिचमंड

ही दक्षिणेची राजधानी. सकाळी जेम्स नदीकाठी ट्रेडेगारच्या जुन्या लोखंडी कारखान्यात गेलो. दक्षिणेच्या तोफा इथं ओतल्या, आता तिथं यादवीचं संग्रहालय आहे. आत एक गोष्ट आम्हाला पाठ करून टाकावी लागली. कारण त्या आदल्या दिवशीच मोटेलात एक भला गृहस्थ कॉफी पिता पिता म्हणाला होता, "युद्ध राज्यांच्या हक्कांसाठी झालं, गुलामगिरीचा संबंध नाही." राज्यांनी फुटताना स्वतः काय लिहिलं ते वाचावं. मिसिसिपीनं सुरुवातीलाच लिहिलंय की आमची बाजू गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे जोडलेली आहे. दक्षिणेचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स मार्च १८६१ च्या भाषणात म्हणाला की कृष्णवर्णीय गोऱ्यांच्या बरोबरीचा नाही, हीच आमच्या सरकारची कोनशिला. आणि राज्यांच्या हक्कांचं म्हणाल, तर उत्तरेतली राज्यं पळून आलेले गुलाम परत द्यायला खळखळ करत होती, तेव्हा हेच लोक केंद्राच्या कायद्याचा बडगा दाखवत होते.

खरा अंगावर आला तो दुपारचा शॉको बॉटम. महामार्गाचा पूल, रेल्वेचे रूळ, गाड्यांचे तळ, आणि मधे गवताचा तुकडा. इथं लम्पकिन या गुलामांच्या व्यापाऱ्याचा तुरुंग होता. विकायला आणलेली माणसं लिलावापर्यंत इथं कोंडायचे. लोक त्याला 'सैतानाचा अर्धा एकर' म्हणत. न्यू ऑर्लिन्सच्या खालोखाल देशातला मोठा माणसांचा बाजार हाच.

इथं माझ्यातली कापूसवाल्यांची लेक जागी झाली. व्हर्जिनियाचं मुख्य पीक तंबाखू, आणि शतकानुशतकं तेच तेच घेऊन जमीन थकलेली. १७९३ मध्ये एली व्हिटनीनं सरकी काढायचं यंत्र केलं. तेच जिन, ज्यावरून आपल्याकडं गल्लोगल्ली 'जिनिंग' झाल्या. हातानं सरकी काढायला एका माणसाला दिवसाला शेर-अर्धा शेर रुईसुद्धा जड, यंत्रानं तेच पन्नासपट. मग अलाबामा-मिसिसिपीकडं कापसाचे मळे वाढत गेले, आणि वेचायला माणसं हवीत. १८०८ पासून आफ्रिकेतून आणायला बंदी होती. तेव्हा व्हर्जिनियानं आपली माणसं खाली विकायला काढली. वरच्या राज्यांतून खालच्या राज्यांत सुमारे दहा लाख माणसं हलवली गेली. आईबापांपासून लेकरं, नवऱ्यापासून बायका. १८६० च्या शिरगणतीत गुलाम भरले ३९ लाख ५३ हजार. यंत्रामुळे कष्ट वाचतात असं आम्हाला घरी सांगितलेलं. कुणाचे वाचले ते सांगितलं नव्हतं.

लम्पकिन मेल्यावर ती जागा मेरी लम्पकिनकडं आली. त्याच्याच घरातली गुलाम स्त्री, त्याच्या मुलांची आई. तिनं ती कृष्णवर्णीयांच्या पाठशाळेला भाड्यानं दिली, आणि तिथून पुढं विद्यापीठ उभं राहिलं.

संध्याकाळी मॉन्युमेंट ॲव्हेन्यूवर चक्कर मारली. सेनापतींचे पुतळे गेले आहेत, लीचा सगळ्यात शेवटी, सप्टेंबर २०२१ मध्ये. उरलाय एकच, टेनिसपटू आर्थर ॲशचा, हातात पुस्तकं आणि रॅकेट.

*टीप, शाकाहाऱ्यांसाठी :* इकडच्या खानावळीत चवळी आणि भेंडी बघून हरखून जाऊ नका. दोन्ही आफ्रिकेतून आलेल्या माणसांमुळे इथं रुजल्या, चवही घरच्यासारखी, पण पालेभाजी आणि चवळी बहुतेकदा डुकराच्या हाडावर शिजवतात. आधी विचारा. मक्याची भाकरही विचारूनच खा.

दिवस पाचवा : मन्रो किल्ला, आणि रस्त्यात एक शेत

हॅम्प्टनला समुद्राच्या तोंडाशी खंदकानं वेढलेला दगडी किल्ला. ऑगस्ट १६१९ मध्ये वीसेक आफ्रिकी माणसांना घेऊन जहाज आलं ते याच टोकाला. इंग्रजांच्या व्हर्जिनियात आणलेले हे पहिले. आणि अडीचशे वर्षांनी कुलूप ढिलं झालं तेही इथंच.

व्हर्जिनिया फुटली तरी हा किल्ला उत्तरेच्या हातात राहिला. मे १८६१ मध्ये एका रात्री फ्रँक बेकर, जेम्स टाउनसेंड आणि शेपर्ड मॅलरी हे तिघे होडी वल्हवत इथं आले. समोरच्या काठावर दक्षिणेच्या तोफांसाठी मोर्चे बांधायला मालकानं त्यांना जुंपलं होतं. दुसऱ्या दिवशी मालकाचा माणूस पांढरं निशाण घेऊन हजर: कायद्यानं आमचे गुलाम परत द्या. किल्ल्याचा सेनापती बेंजामिन बटलर मूळचा वकील. तो म्हणाला, तुम्ही म्हणता व्हर्जिनिया आता परका देश, मग अमेरिकेचा कायदा तुम्हाला कसा लागू? आणि तुमच्याच म्हणण्याप्रमाणे ही माणसं म्हणजे मालमत्ता, ती तुम्ही लढाईला वापरता, तर शत्रूचा माल म्हणून मी जप्त करतो! माणसांना माल म्हणूनच माणूसपणाकडं नेणारी ही पळवाट ऐकून मला हसावं की रडावं कळेना.

पण बातमी पसरली. आठवड्यात डझनांनी, मग शेकड्यांनी, शेवटी हजारोंनी माणसं आली. घोषणा दीड वर्ष लांब होती. युद्धाच्या अखेरीपर्यंत सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय उत्तरेच्या सैन्यात लढले. तटावर मासे धरत बसलेल्या एका कृष्णवर्णीय आजींशी गप्पा झाल्या. मी तिघांच्या होडीचं विचारलं, तर त्यांनी गळ न हलवता समोर हनुवटीनं दाखवलं, "तिथून. रात्री. भरती कधी ते त्यांना ठाऊक होतं." आज त्या काठावर आरमाराच्या करड्या बोटी उभ्या असतात.

बोगद्यातून पलीकडं उतरून आम्ही ४६० क्रमांकाचा रस्ता धरला, पीटर्सबर्गकडं. आणि अर्ध्या तासात मी ओरडले, "थांबव! थांबव!" जावयाला वाटलं हरीण आडवं आलं.

पऱ्हाटी! रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फुटलेली, पांढरीफेक. मी कडेला उतरले, बोंडाला हात लावला. अमेरिकेत आल्यापासून ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. तेवढ्यात पिकअपमधून साठीचा गोरा शेतकरी आला. आम्ही घाबरलो. सांगितलं, आमच्याही घरी कापूस होतो, भारतात. तो खुश झाला. दूर उभं केलेलं वेचणीयंत्र दाखवलं, पिवळ्या प्लास्टिकात गुंडाळलेले गाडीएवढे गठ्ठे दाखवले. मग विचारलं, तुमच्याकडं कुठलं यंत्र?

मी म्हटलं, यंत्र नाही. बाया वेचतात. हातानं.

"अजून?" एवढंच म्हणाला तो. आणि टोपी मागंपुढं केली.

मला सांगता आलं असतं की त्या मजुरी घेतात, किलोवर. वेचणीच्या मुहूर्ताला आम्ही सीतादही करतो, दहीभात ठेवतो. पण डोळ्यांसमोर आला तो वाड्यातला संध्याकाळचा काटा. बाया ओट्यातला कापूस ओतायच्या, दिवाणजी वजन बघायचे, कमी भरला की बोलायचे. इथल्या मळ्यांवरही रोज संध्याकाळी काटा व्हायचा, आणि कमी भरला की चाबूक. फरक मोठा आहे, मला कळतो. तरी त्या रस्त्यावर उभं राहून तो मोजून दाखवायची माझी हिंमत झाली नाही. शेतकऱ्यानं जाताना एक फांदी तोडून दिली, चार बोंडांची.

हा साउदॅम्प्टन परगण्याचा मुलूख. नॅट टर्नर या गुलामाचा उठाव इथलाच, ऑगस्ट १८३१ चा. त्यानंतर व्हर्जिनियाच्या विधिमंडळात गुलामगिरी ठेवावी की काढावी यावर चर्चा झाली, आणि ठरलं काय, तर कृष्णवर्णीयांवरचे कायदे आणखी आवळायचे.

पुढं वेकफील्डला शेंगदाण्यांचं दुकान लागलं. उकडलेल्या शेंगा, मीठ घालून, अगदी आपल्यासारख्या. दोन पुडे घेतले, एक पीटर्सबर्गच्या आधीच संपला. पीटर्सबर्गला पोचलो तोवर रणभूमीचं फाटक लागलं होतं. नऊ महिन्यांहून जास्त चाललेला वेढा आम्ही बाहेरूनच पाहिला. तुम्ही दुपारी चारच्या आत पोचा.

दिवस सहावा : ॲपोमॅटॉक्स

टेकड्यांमधलं चिमुकलं खेडं, लाकडी कुंपणं, स्वच्छ ऊन. ९ एप्रिल १८६५ ला विल्मर मॅकलीनच्या दिवाणखान्यात लीनं उत्तरेचा सेनापती ग्रँट याच्यापुढं शरणागती लिहून दिली. या मॅकलीनचं नशीब बघा. १८६१ ची पहिली मोठी लढाई मनासासला त्याच्याच शेताजवळ झाली, स्वयंपाकघरात तोफगोळा आला. म्हणून तो इतक्या आडगावात राहायला आला, तर युद्ध संपायला त्याच्याच घरी. सही झाल्यावर अधिकाऱ्यांनी आठवण म्हणून टेबलं-खुर्च्या उचलल्या, त्याच्या मुलीची कापडी बाहुलीसुद्धा. बाहुली आता परत आली आहे, काचेत बसलेली असते.

शरणागतीच्या अटी सौम्य होत्या: शस्त्रं टाका, घोडे घेऊन घरी जा, नांगरणीचे दिवस आहेत. उपाशी शिपायांना ग्रँटनं शिधा दिला. यादवीत दोन्ही बाजूंची मिळून सहा लाखांहून जास्त माणसं मेली होती. आणि पाच दिवसांनी लिंकनवर गोळी झाडली गेली.

लोक दिवाणखाना बघून परत फिरतात. तुम्ही हॅना रेनल्ड्सची गोष्ट विचारा. त्या सकाळच्या शेवटच्या चकमकीत एक गोळा डॉक्टर कोलमनच्या घरात शिरला. घरचे निघून गेले होते, हॅना मागं राहिली होती. ती त्यांची गुलाम. गोळा तिला लागला. त्या दिवशीच ती मेली, असं वर्षानुवर्षं सांगत. मग मृत्यूची जुनी नोंदवही सापडली: मृत्यू १२ एप्रिल. त्या तीन दिवसांत तिला कुणी सांगितलं असेल का, हे मी तिथल्या मुलाला विचारलं. त्यानं खांदे उडवले नाहीत, "आम्हीही तेच एकमेकांना विचारतो" म्हणाला.

*टीप :* प्रवेश फुकट आहे. जेवणाचं बरोबर न्या, गावात काही मिळत नाही.

परतीच्या वाटेवर ह्यांना चाळा हवा होता, म्हणून त्यांनी फांदीवरचं एक बोंड सोडवलं आणि नखानं सरकी काढायला बसले. आखूड धाग्याची रुई, सरकीला घट्ट चिकटलेली. शार्लट्सव्हिल आलं तेव्हा मांडीवरच्या रुमालावर बावीस सरक्या होत्या आणि एवढीशी रुई, पणतीच्या दोन वाती होतील इतकी. अजून पाचसहा आत होत्या. "आता बोट दुखतंय," म्हणाले, आणि बोंड माझ्याकडं दिलं.